पिक्सेल घेतला आणि गूगल काढलं

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका कुंपणाशी. वहिनी मागे कपडे वाळत घालतायत, उगाच ऐकू जायचं.

त्यांच्या धाकट्याने नवा फोन घेतला ना, पिक्सेल. चांगला भारीतला. आणला काय आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉपला वायर जोडून आतलं सगळं पुसून टाकलं काय! म्हणे ग्राफीनओएस घालतोय, गूगलशिवाय चालणारी सिस्टीम. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "गूगल नको म्हणून गूगलचाच फोन घेतलास?" पोराचा चेहरा अस्सा पडला म्हणता! पण करणार काय, ते ग्राफीन अजून तरी पिक्सेलवरच चालतं ना.

आणि भाऊ तर तुम्हाला माहीतच आहेत, स्वदेशीवाले. "2023 मध्ये मंत्र्यांनी हातात धरून दाखवलं ते आयआयटी मद्रासचं भारओएस घे की!" हा म्हणतो, "बाबा, ते दुकानात नाही मिळत, संस्थांना देतात." झालं, भाऊ गप्प. नाहीतरी त्यांना बोलायला तोंड कुठंय? 2014 ला तो इन्टेक्सचा 1,999 रुपयांचा फायरफॉक्सवाला फोन कोणी आणून वहिनींच्या गळ्यात मारला होता? वहिनी अजून काढतात तो विषय. परवा हळदीकुंकवाला सुद्धा...

ते जाऊ द्या. तर काय सांगत होते, हां, भाजीवाली! वहिनींनी धाकट्याला गाडीवर पाठवलं. भेंडी घेतली, कोथिंबीर घेतली, सगळं पिशवीत गेलं. कोड स्कॅन करायला जातो तर पैशांचं ॲप उघडेचना! वर लिहून काय आलं, तर "हे डिव्हाइस सुरक्षित नाही". सुरक्षित म्हणून तर एवढा खटाटोप केलेला! बँक कुठली ते नाही सांगत, कशाला कुणाचं नाव घ्या. पण म्हणे काही बँकांच्या ॲपना गूगलचा दाखला लागतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा. तो नसला की फोन कितीही गुणी असो, दारातच उभा. भाजीवाली काय म्हणाली असेल? "दादा, माझ्या फोनवर दावू का करून?" मी गॅलरीतच होते, हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. शेवटी वहिनी चिल्लरचा बटवा घेऊन धावत आल्या. आता पैशांपुरता जुना फोन खिशात, नवा हातात. दोन-दोन मिरवतोय.

पण खोटं कशाला बोलू, पोराचं एक मला पटलं. त्या फोनात म्हणे एकेका ॲपचं इंटरनेट बंद करून ठेवता येतं. आणि कुणी कॉन्टॅक्ट मागितले की सगळी यादी हाती द्यायची नाही, आपल्याला हवी तेवढीच नावं दाखवायची. मी माझा फोन उघडून पाहिला, तर ते पंचांगाचं ॲप कॉन्टॅक्ट मागतंय! आता तिथी सांगायला माझ्या नणंदेचा नंबर कशाला हवाय हो त्याला?

खरी गंमत पुढेच आहे. रविवारी मुलीकडचे आले होते ना पोहे खायला? मुलगी आयटीतलीच. त्याचा फोन टेबलावर पाहिला मात्र, एकदम म्हणाली, "ग्राफीन? बूटलोडर परत लॉक केलंस ना?" वहिनींना वाटलं, काय भलतंच विचारतेय. तर तिच्याकडे तसलीच दुसरी सिस्टीम, लिनिएज निघालं! जुन्या फोनचे अपडेट कंपनीने बंद केले म्हणून तिने स्वतःच्या हाताने घातलेलं. मग काय, तुझं बरं की माझं बरं, दोघं असे भांडले, असे भांडले! पोहे गार झाले. मुलीचे वडील पगाराचं विचारायला आले होते, त्यांना तोंड उघडायला जागाच मिळेना. भाऊ एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा छताकडे.

जवळजवळ ठरलंय बरं का! मुलीच्या मावशीने लगेच व्हॉट्सॲपवर साखरपुड्याचा ग्रुप काढला, तर नवरा-नवरीच त्यात नाहीत. दोघं म्हणतात, सिग्नलवर या. मावशी फणकारल्यात, वहिनी रडकुंडीला आल्यात... मी मात्र कालच त्याच्याकडून सिग्नल टाकून घेतलं. नाहीतर मला हॉल कुठला ठरतोय ते कळणार कसं?

हळू बोला, आल्या वाटतं त्या. काय वहिनी, वाळले का कपडे?