टेकडीवर बोलतात तरी काय?

अहो वहिनी, ती पिशवी ठेवा खाली आणि जरा भिंतीपाशी या. हळू बोला हं, आमचे हे आत पेपर वाचतायत. एरवी दहा हाका मारल्या तरी ऐकू जात नाही, पण त्यांच्याविषयी कुजबुजलं की बरोबर ऐकू जातं.

कोपऱ्यावरच्या अप्पांचे बूट पाहिलेत का? पांढरे, नवे कोरे! बायको गेल्यापासून माणूस उंबऱ्याबाहेर पडला नव्हता, दूधवाल्याचे पैसेसुद्धा खिडकीतून द्यायचे. आणि आता सव्वासहाला माकडटोपी घालून फाटकात उभे. बरोबर कोण, तर वरच्या मजल्यावरचा तो मुलगा, कंपनीनं नारळ दिला तो. आणि मागून आमचे हे. तिघांची स्वारी रोज वेताळ टेकडीवर. ह्यांना विचारलं, तर म्हणे ‘काही नाही, चालतो.’ दीड तास काही नाही!

नुसतं चालत नाहीत हो, बोलतात! ‘आमटीत मीठ कमी आहे’ यापुढे ज्यांनी संसारात कधी मनातलं सांगितलं नाही, ते आमचे हे! माझ्या भाचीनं पाहिलं खाणीपाशी. म्हणाली, ‘मावशी, काका हातवारे करून बोलत होते.’ मला तर रात्रभर झोप नाही. हातवारे करण्यासारखं ह्यांच्या आयुष्यात आहे तरी काय, जे मला माहीत नाही?

तीच भाची हो, समुपदेशन करते ती. ती काय करते माहितीये? काही पेशंटांना खोलीत बसवतच नाही, चालायला नेते. तेच उपचार, तेच पैसे, फक्त खुर्ची नाही. मला आधी वाटलं जागेचं भाडं वाचवते. पण म्हणाली, बायका येतात, बसतात, सांगतात. पुरुष येतो तोच मुळी बायकोनं किंवा आईनं ढकललेला. समोर बसला की हाताची घडी, नजर घड्याळाकडे. त्यालाच चालायला नेलं की दुसऱ्या चढाला बोलायला लागतो.

आणि पटलं हो मला. आपण काय करतो? चहाचा कप पुढे ठेवतो आणि डोळ्यांत डोळे घालून विचारतो, ‘काय झालंय? बोला ना.’ आपल्याला वाटतं माया, त्यांना वाटते पोलीस चौकशी. चालताना दोघांचेही डोळे वाटेवर. गप्प बसलं तरी पाय चालू असतात, त्यामुळे ते गप्प बसणं अंगावर येत नाही. डोळ्यांत पाणी आलंच तर ‘धूळ गेली’ म्हणायला टेकडीवर धूळ आहेच भरपूर.

ही काही तिच्या डोक्यातली टूम नाही. अमेरिकेत सॅन डिएगोला थॅडियस कोस्त्रुबाला म्हणून मनोविकारतज्ज्ञ होते, ते १९७० च्या दशकातच पेशंटांबरोबर धावत उपचार करायचे. पुढे १९९९ साली ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी नैराश्य असलेली पन्नाशीपुढची १५६ माणसं घेतली. काहींना नुसत्या गोळ्या, काहींना आठवड्यातून तीनदा झपाझप चालणं किंवा धावणं, आणि काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी बघितलं तर तिन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच. हो, पण गोळ्यांचा गुण लवकर आला, हेही तिनं सांगितलं. अर्धं सांगायचं आणि अर्धं गिळायचं हा तिचा स्वभाव नाही, आमच्या माहेरचा गुण.

आणि २०१५ चं ते स्टॅनफर्डचं तर ऐकाच. थोड्या माणसांना दीड तास चालायला लावलं. निम्मी माणसं झाडागवतातून, निम्मी वाहत्या रस्त्याच्या कडेनं. झाडागवतातून आलेल्यांचं तेच तेच विचार उगाळणं कमी झालं, रस्त्यावरच्यांचं नाही. मेंदूच्या तपासणीतही फरक दिसला म्हणे. म्हणजे कर्वे रस्त्यावरून चालून काही उपयोग नाही वहिनी. तिथे दीड तास चाललं तर डोक्यात असलेले विचार उगाळून होतील आणि वर चार नवे येतील.

म्हणून तर बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीतून न्यायचं निघालं, तेव्हा २०२३ साली एवढी माणसं निषेधाला उतरली. मोरांसाठी आणि पाण्यासाठी उतरली, खरंच आहे. पण त्यातल्या निम्म्या पुरुषांची मन मोकळं करायची तेवढी एकच जागा आहे, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नव्हतं. लिहिणार कोण? ते स्वतः तर नाहीच.

वारीचं घ्या ना. एरवी सख्ख्या भावाच्या खांद्यावर हात ठेवायला लाजणारा बाप्या दिवे घाटात अनोळखी माणसाला माऊली म्हणून मिठी मारतो, पाया पडतो. दमलेले पाय, बरोबर चालणारी माणसं, आणि घरी ओळखणारं कुणी आजूबाजूला नाही. ही सोय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. आपण फक्त ती वर्षातून एकदा वापरतो.

टेकडीवर मात्र ओळखणारी माणसं फार, ही भाचीची खरी अडचण. दर दहा पावलांवर ‘काय, आज उशीर?’ म्हणून ती पहाटेची गर्दी टाळते, आडवारी उशिरा जाते. आणि आधीच ठरवून घेते, वाटेत तुमचं कुणी भेटलं तर मी कोण म्हणून सांगायचं? एकानं सांगितलं, मालमत्ता विकणारी म्हणून सांगा. चार जण थांबून फ्लॅटचे भाव विचारायला लागले! चालण्याचा वेग पेशंटचा, वाट दोघांनी ठरवलेली, आणि पाऊस आला तर काय करायचं तेही आधीच बोललेलं.

सगळ्यांना नाही हो नेत. ज्याच्या मनात स्वतःचं बरंवाईट करायचं घोळतंय, त्याला टेकडी नाही, आधी मनोविकारतज्ज्ञ. तिथे ती जराही हयगय करत नाही. २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातले १ लाख २२ हजारांवर पुरुष. आणि राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा, २२ हजार ७४६. आकडा ऐकला आणि हातातलं विणकाम तसंच राहिलं माझ्या. सरकारचा फोन आहे, टेलिमानस, १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मी फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. ह्यांनी विचारलं हा कुणाचा नंबर, म्हटलं असू दे, लागला तर लावा.

ह्या तिघांचं चालणं म्हणजे काही उपचार नव्हे, हेही तिनं मला बजावलंय. ते म्हणजे नुसती एकमेकांना सोबत. त्या मुलानं डॉक्टर सोडून नुसती टेकडी धरली तर ती स्वतः त्याचे कान धरेल. डॉक्टरकडे जातो का तो? ते मला माहीत आहे वहिनी, पण सांगणार नाही. बघताय काय अशा? माझ्याही पोटात एखादी गोष्ट राहते.

पण फरक दिसतो एवढं सांगते. अप्पांनी परवा भाजीवाल्याशी चक्क भांडण केलं, दोडक्याच्या भावावरून. मला इतकं बरं वाटलं! आणि आमचे हे काल आपण होऊन म्हणाले, ‘रिटायर झाल्यापासून सकाळी उठल्यावर काय करावं कळायचं नाही.’ एवढं एकच वाक्य, तेही चप्पल काढताना, पाठ माझ्याकडे करून. मी म्हटलं ‘हं’, आणि कणीक मळत राहिले. जीभ चावून धरली होती हो. ‘मग मला का नाही सांगितलं,’ हे अगदी ओठांवर आलेलं. पण ते म्हटलं असतं तर पुढची दहा वर्षं पुन्हा आमटीतलं मीठ.

भावजी हल्ली टीव्हीसमोरून उठत नाहीत म्हणालात ना? बातम्यांचा आवाज आमच्याकडे येतो, म्हणून म्हटलं. उद्या सव्वासहाला द्या पाठवून. ‘तुम्हाला मोकळं वाटेल’ वगैरे मुळीच म्हणू नका, उलट अडून बसतील. म्हणावं, अप्पांचा गुडघा दुखतो, चढाला कुणीतरी बरोबर हवं. कामाला बोलावलं की येतात, मायेला बोलावलं की लपतात. जुने बूट चालतील, फक्त तळ गुळगुळीत नको, उतारावर खडी आहे. पाण्याची बाटली द्या. फोनला नाही म्हणू नका, पण हातात नको, खिशात.

आणि परत आल्यावर काय बोललात म्हणून अजिबात विचारायचं नाही हं. त्यांनी आपण होऊन काही सांगितलंच, तर मात्र दुपारी दोननंतर या भिंतीपाशी. ह्यांची वामकुक्षी असते तेव्हा.