फी माफ आहे, फक्त कागद आणा

(राज्य विद्यापीठात प्रवेश घेऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांच्यामागे फाईल धरून उभे असलेले पालक यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना)

१. प्रस्तावना

राज्य विद्यापीठातलं शिक्षण स्वस्त असतं, ही अफवा नाही. अनुदानित तुकडीतल्या बीए-एमएची वर्षाची फी हजारांत मोजतात आणि खासगी विद्यापीठ त्याच पदवीचे आकडे लाखांत सांगतं. मात्र या दोन रकमांमधला सगळाच फरक आपल्या खिशात राहतो, असं समजू नये. त्यातला काही भाग झेरॉक्सवाल्याकडे, काही एसटी महामंडळाकडे आणि उरलेला तहसील कचेरीसमोरच्या चहावाल्याकडे जमा होतो.

२. विद्यापीठाची निवड

उदाहरणादाखल सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेऊ. स्थापना १९४९. गणेशखिंडीतली मुख्य इमारत म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरचं जुनं निवासस्थान. २२ जून १८९७ च्या रात्री इथला व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली. अर्जात यातलं काहीही विचारत नाहीत. आईचं नाव आधारवर आहे तसंच आहे ना, एवढंच विचारतात.

पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतली महाविद्यालयं या विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे 'मी पुणे विद्यापीठाचा' असं छाती काढून सांगणाऱ्या पुष्कळांनी ती इमारत फक्त फोटोत पाहिलेली असते. त्यात कमीपणा काही नाही. विद्यापीठाच्या नावापेक्षा महत्त्वाचा प्रश्न प्रवेशाच्या खिडकीवर विचारायचा असतो.

"मॅडम, ही तुकडी अनुदानित की विनाअनुदानित?"

हा प्रश्न फी भरण्यापूर्वी विचारावा. एकाच महाविद्यालयात एकाच विषयाची एक तुकडी अनुदानित आणि शेजारची विनाअनुदानित असू शकते. फळा तोच, अभ्यासक्रम तोच, पंखाही तितकाच हळू फिरणारा. फी मात्र वेगळी. विद्यार्थ्याला याचा शोध बहुधा पावती हातात पडल्यावर लागतो.

३. लागणारं साहित्य

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवास प्रमाणपत्र, लागू असेल त्याला जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, एबीसी आयडी, आधारशी जोडलेलं बँक खातं, आणि पासपोर्ट साइझ फोटो, ज्यातला चेहरा वर्ष संपेस्तोवर बदलू नये.

प्रत्येक कागदाच्या किमान पाच प्रती काढाव्यात. सहावी प्रत कोण मागणार आहे, हे त्या मागणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं.

४. उत्पन्नाचा दाखला

हा सगळ्या योजनांचा पाया. यावर आपण गरीब आहोत हे सरकारनेच आपल्याला लिहून द्यायचं असतं. प्रक्रिया महा-ई-सेवा केंद्रात सुरू होते.

"काका, उत्पन्न किती टाकू?"

"किती चालतंय?"

"आठ लाखाच्या आत चालतंय."

"मग खरं तेच टाक की. आमच्या सात पिढ्यांचं मिळून होणार नाही तेवढं."

केंद्रचालक मान वर न करता टाइप करत राहतो. मागे रांगेत चौदा जण असतात आणि सर्व्हर चहाला गेलेला असतो. पुढचं काम गावच्या तलाठ्याकडे. त्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे. हाक अजूनही 'भाऊसाहेब' अशीच मारावी, लवकर ऐकू जाते.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे लक्षात ठेवाव्यात. हा दाखला ३१ मार्चला शिळा होतो. म्हणजे अर्ज करायचा तो एप्रिल-मेमध्ये, जूनच्या गर्दीत नव्हे. दुसरी गोष्ट, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे आणि ती उलटली तर अपील करता येतं. 'कायद्यात मुदत किती दिवसांची हो?' असं नुसतं नम्रपणे विचारलं, तरी साहेबांना पेन सापडतो.

सरकारी कचेरीत द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही कचेरीबाहेरच्या टेबलावर तुम्हाला स्टॅम्पपेपर घ्यायला सांगतील. हा खर्च फीमध्ये धरू नये, अज्ञानात धरावा.

ओबीसी विद्यार्थ्यांसाठी जादा सूचना. नॉन-क्रीमीलेअर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न उत्पन्नमर्यादेत धरत नाहीत. शिष्यवृत्तीसाठी सगळं धरतात. त्यामुळे एकच घर एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या ऐपतींचं असू शकतं. कोणता दाखला कुठे जोडायचा ते पाहून जोडावा आणि दोन्हींवर शांतपणे सही करावी.

५. नाव

आपलं नाव काय, हे आईवडिलांना विचारू नये, कागदांना विचारावं. ज्ञानेश्वर नावाच्या मुलाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर 'डी-एन-वाय' असं सुरू होतं, गुणपत्रिकेवर 'डी-वाय' असं आणि बँकेच्या पासबुकात 'जी-एन' असं. अर्जाच्या पोर्टलच्या लेखी ही तीन मुलं आहेत आणि शिष्यवृत्ती त्यांतल्या एकालाही मिळणार नाही. दुरुस्ती बारावीच्या सुट्टीतच करून घ्यावी. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकी सगळ्यांना तिच्या रांगेत उभं करावं.

६. योजनेची निवड

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला ते दंड करत. आज त्यांच्या नावाने शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं निम्मं शिक्षण शुल्क तिच्यातून मिळतं. दंडाची पद्धतही चालू आहे. अर्ज वेळेत न भरणाऱ्याला पूर्ण फी भरावी लागते.

मुलींसाठी २०२४-२५ पासून बदल झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आणखी एक अट: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. ओळखीच्या काकांनी मॅनेजमेंट कोट्यातून 'सीट काढून दिली', की काकांचे उपकार राहतात आणि माफी जाते.

७. पोर्टल

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर पहाटे भरावा. ही अंधश्रद्धा वाटेल, पण शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी प्रयत्न करणाऱ्यांना तिचं शास्त्र लगेच समजतं. कागद २५६ केबीच्या आत बसवायचा असतो. इतका बारीक केलेला दाखला माणसाला वाचता येत नाही, तरी घाबरू नये, पोर्टलला चालतो.

अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं नाही. तो आधी महाविद्यालयातल्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे. वाटेत कुठेही 'सेंड बॅक' होऊन परत येतो. परत आलेला अर्ज कुणी दार वाजवून सांगत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघावं. अर्जाची छापील प्रत लिपिकाच्या हातात द्यावी, पोच घ्यावी आणि लिपिकाला 'सर' म्हणावं. प्राचार्यांना नाही म्हटलं तरी चालेल.

शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी घेऊ नये, असं शासन महाविद्यालयांना वेळोवेळी बजावतं. ते परिपत्रक फाईलमध्ये सर्वांत वर ठेवावं. दाखवायची वेळ बहुधा येत नाही. ते आहे एवढं दिसलं तरी पुरतं.

८. पोटाचा आणि पाठीचा खर्च

पुण्यात फी सर्वांत स्वस्त असते, महाग असते ती कॉट. 'कॉट बेसिस' म्हणजे खोलीत चार कॉट, चार चार्जर आणि एक प्लग. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या दिवशीच करावा, पेढे वाटण्याआधी. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तर इतर काही पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची 'कमवा आणि शिका' योजना विद्यापीठातही चालते. तासावर काम, तासावर मानधन. यात झाडांना पाणी घालून किंवा कार्यालयात नोंदी करून मेसचं बिल निघतं आणि मुलाखतीत सांगायला खरा अनुभव मिळतो.

एवढ्यावरही भागलं नाही तर शैक्षणिक कर्ज. चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. मॅनेजर 'नंतर या' म्हणाले, तर अर्ज लेखी द्यावा आणि नकारही लेखी मागावा. लेखी नकारापेक्षा मंजुरी देणं सोपं असतं, हे मॅनेजरलाही माहीत असतं.

९. अंतिम सूचना

शिष्यवृत्तीचे पैसे प्रवेशाच्या दिवशी येत नाहीत, कधी कधी त्या वर्षीही येत नाहीत, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरलात तर येतच नाहीत. म्हणून पहिल्या सहामाहीची सोय हाताशी ठेवा आणि सगळ्या तारखा कॅलेंडरवर लिहा. फीच्या आकड्याला घाबरून अर्जच न करणारी मुलं मात्र सरकारचे सर्वाधिक पैसे वाचवतात. तुम्ही ते वाचवू नका. दाखला एप्रिलमध्ये काढा.