पंखा बंद करा

आमचे साडूभाऊ जेवायला बसले की पहिली आज्ञा सुटते, "पंखा बंद करा." महिना मे, वेळ दुपारी साडेबाराची, पुण्यातलं वरच्या मजल्यावरचं घर. त्यांचा मुलगा निमूट उठून बटण दाबतो आणि न सांगता ट्यूबही घालवतो. मग घामाघूम माणसं अर्धवट अंधारात बसतात. पानात वरणभात, त्यावर तूप, कडेला लिंबाची फोड. हात कुणीच लावायचा नाही. साडूभाऊ बनियनच्या टोकाने मोबाइलची लेन्स पुसत असतात.

पंचाईत अशी की माणूस बोलतो ते बरोबर असतं. ट्यूबच्या उजेडात वरणावर हिरवट झाक येते. खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले तर अर्धं ताट निळसर, अर्धं पिवळं होतं, आणि ते नंतर कितीही दुरुस्त केलं तरी सुधारत नाही. फ्लॅश मारला की तुपाचा पांढरा ठिपका होतो आणि आमटी पाटावर रंगवल्यासारखी सपाट दिसते. पंख्याने वाफ उडते. यातल्या एकाही मुद्द्यावर त्यांच्याशी वाद घालता येत नाही. वरण निवलेलं असतं एवढंच.

निवृत्तीआधी ते ऑडिटमध्ये होते. तीच नजर आता ताटावर आहे. घरातलं जेवणाचं टेबल त्यांनी उत्तरेच्या खिडकीखाली सरकवलं, तेव्हा वास्तुदोष निघाला अशी इमारतभर कुजबुज झाली. खरं कारण एवढंच की उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, उजेड मऊ राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत मात्र ऊन येतं, म्हणून तिथल्या काचेला बटरपेपर चिकटवला आहे. ताटाच्या सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करतात. उजेड त्यावरून परत येतो आणि वाटीतली काळोखी कमी होते. हा तुकडा जुन्या गणपतीच्या मखराचा. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून तो कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी असतो. त्याला हात लावायची ताईंनाही परवानगी नाही. ताई म्हणजे आमची थोरली मेहुणी.

कोनांचंही तसंच. ताट असेल तर बरोबर डोक्यावरून, म्हणजे साडूभाऊ खुर्चीवर उभे. वाटी असेल तर पंचेचाळीस अंशांतून, म्हणजे आपण बसून पाहतो तसं. वडापाव मात्र समोरून, त्याच्या उंचीवर जाऊन, कारण वरून घेतला तर नुसता पाव दिसतो. परिणामी वडापावच्या गाडीपुढे हा साठीचा माणूस फुटपाथवर गुडघे टेकून बसलेला पाहिला आहे. मागच्या गिऱ्हाइकाने काळजीने विचारलं, "काका, काही पडलं का?"

त्यांचं खरं दुःख मात्र वेगळं आहे. आपला स्वयंपाक तपकिरी आहे. पिठलं, झुणका, भरली वांगी, मटकीची उसळ, गूळ घातलेली आमटी, थालीपीठ. "चव आहे हो, पण रंग कुठाय?" असं ते कळवळून म्हणतात. त्यामुळे घरात काय शिजावं हे आता जिभेवर ठरत नाही. अळूवडी कापल्यावर आत चक्रं दिसतात, म्हणून तिची बढती झाली. सोलकढीला गुलाबी रंगामुळे मानाचं पान मिळालं. पिठलं जवळजवळ हद्दपार झालं होतं. मग त्यांना शोध लागला की काळ्या तव्यात, वर तेलात परतलेल्या लाल मिरच्या ठेवून, पाठीमागून उजेड घेतला तर पिठलंही उठून दिसतं. त्या आठवड्यात ताईंनी रोज पिठलं केलं.

मिसळीची गोष्ट सांगायलाच हवी. मिसळीत मटकी तळाला बसते आणि वरून नुसती तर्री दिसते. यावर साडूभाऊंचा उपाय म्हणजे वाडग्याच्या तळाशी एक छोटी वाटी उपडी ठेवायची, मग मटकी, मग रस्सा, आणि फरसाण अगदी शेवटी, क्लिक करायच्या आधी, म्हणजे ते मऊ पडत नाही. मी एकदा त्यांना सांगितलं की हा उद्योग अमेरिकेत आधीच झालेला आहे. कॅम्पबेल कंपनीने सूपच्या जाहिरातीसाठी वाडग्यात काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, भाज्या वर दिसाव्यात म्हणून. तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने आक्षेप घेतला आणि १९७० साली प्रकरण कंपनीच्या अंगाशी आलं. साडूभाऊ गंभीर झाले. जुना ऑडिटर जागा झाला असावा. क्षणभराने म्हणाले, "गोट्या म्हणजे लबाडीच. आपली वाटी स्वयंपाकघरातलीच आहे." त्या दिवशी पाहुण्यांपैकी एकाचा चमचा त्या वाटीवर आपटला. दात दुखावला की काय म्हणून बिचारा उरलेली मिसळ दबकत खात होता.

टोकलं तर इतिहास काढतात. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती, तेव्हा इंग्लंडात फॉक्स टॅल्बॉटने फळांनी भरलेल्या करंड्यांचा फोटो काढून पुस्तकात छापला, हा त्यांचा हुकमी पुरावा. करंड्यांत अननसही आहे. त्या काळी एका फोटोला किती वेळ लागत असे हे पाहता टॅल्बॉटच्या घरची मंडळी अननसाकडे बघत किती ताटकळली असतील, याचा विचार मी करतो. साडूभाऊ करत नाहीत.

गणेश चतुर्थीला तर कसोटी असते. केळीच्या पानावर एकवीस मोदक, पांढरेशुभ्र, कळ्या एकसारख्या. पांढरं पाहिलं की कॅमेरा घाबरतो आणि ते करडं करून टाकतो, म्हणून पडद्यावर बोट ठेवून उजेड वर सरकवावा लागतो. हे चालू असताना आरतीचं तबक हातात घेऊन घर उभं. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, नैवेद्य आधी देवाला दाखवायचा असतो." साडूभाऊ म्हणाले, "हो, पण त्याला वाफेशिवायही चालतो."

यंदा त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली. ताईंनी सक्त ताकीद दिली होती, आज मोबाइल खिशात. पोहे आले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. साडूभाऊंचा हात शिवशिवत होता, पण ते गप्प बसले. तेवढ्यात मुलाचे वडील संकोचून म्हणाले, "हरकत नसेल तर बशी जरा खिडकीकडे घेऊ का? आणि पंखा..."

साडूभाऊ उठले ते थेट थर्माकोल आणायला. पाहुण्यांनी पिशवीतून बोटभर उंचीचा ट्रायपॉड काढला. बशी कुठल्या बाजूने, चमचा कुठे, कोथिंबिरीचं एखादं पान मुद्दाम बाहेर सांडावं का, यावर दोघांचं जे जमलं ते पाहून ताईंनी मुलामुलीला आत बोलावलं. तिथे त्यांनी कढईतले गरम पोहे खाल्ले आणि बोलणंही उरकून घेतलं.

मुहूर्त काढायला गुरुजी आले तेव्हा दोन्ही व्याही एका सुरात म्हणाले, गोरजच हवा. त्या वेळचं ऊन तिरपं आणि सोनेरी असतं. गुरुजींनी पंचांग पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मग पंगत दिवेलागणीनंतरच बसेल."

दोघांचे चेहरे उतरले. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी साडूभाऊंनी घसा खाकरून विचारलं, "गुरुजी, पंगत आधी आणि अक्षता नंतर, असं शास्त्रात कुठे बसतं का?"