बोकड, माकड आणि अमरत्व
आयुष्य लांबवण्याच्या आधुनिक शास्त्राचा मुहूर्त 1 जून 1889 रोजी पॅरिसमध्ये लागला, असे मानायला हरकत नाही. त्या दिवशी ब्राउन-सेकार या 72 वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत जाहीर केले, की कुत्र्याच्या व गिनिपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यापासून आपल्या अंगात तरुणपणची ताकद आली आहे. पुरावा भक्कम होता. हातातला जोर वाढला होता, जिने धावत चढता येत होते, बद्धकोष्ठ हटले होते आणि लघवीची धार पूर्वीपेक्षा लांब जात होती. धार चक्क मोजलेली होती, आधी किती आणि नंतर किती. परीक्षार्थी आणि परीक्षक एकच असल्याने निकाल उत्तम लागला. अर्क पाण्यात केलेला होता आणि वृषणातले संप्रेरक पाण्यात जेमतेमच विरघळते, हे कळेपर्यंत युरोप-अमेरिकेतले डॉक्टर सुया सरसावून मोकळे झाले होते. ब्राउन-सेकार 1894 मध्ये वारले.

जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी म्हातारपणाचे खापर मोठ्या आतड्यातल्या जंतूंवर फोडले आणि आंबवलेल्या दुधाचा उतारा सांगितला. त्यांना 1908 चे नोबेल मिळाले, पण ते रोगप्रतिकारावरच्या कामासाठी. ताकभातावर वाढलेल्यांनी हुरळून जाऊ नये. मेचनिकॉफ स्वतः 71 व्या वर्षी गेले.

व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ श्टायनाख यांचा उपाय शुक्रवाहिनी बांधण्याचा. फ्रॉइडने तो 1923 मध्ये करून घेतला, कवी येट्सने 1934 मध्ये. जवळपास हीच शस्त्रक्रिया पुढे भारत सरकारने कुटुंबनियोजनासाठी फुकट केली, वर पैसेही दिले. चिरतारुण्याची जाहिरात केली असती तर शिबिरांपुढे रांगा लागल्या असत्या.

खरी धमाल 1920 मध्ये शल्यविशारद व्होरोनॉफ यांनी उडवली. माकडाच्या वृषणाच्या पातळ चकत्या ते धनिकांच्या वृषणाशी शिवून टाकत. मागणी इतकी, की इटलीच्या किनाऱ्यावरच्या त्यांच्या वाड्यात माकडे पाळावी लागली. परक्या प्राण्याची ऊती शरीर टिकू देत नाही, त्यामुळे रुग्णाला मिळे ती उमेद, आणि थोडा व्रण. अमेरिकेत कॅन्ससच्या ब्रिंक्ली यांनी माकडाचा खर्च वाचवून बोकड धरला. फी 750 डॉलर, प्रचाराला स्वतःचे रेडिओ केंद्र. 1930 मध्ये डॉक्टरकीचा परवाना गेला, तेव्हा ते त्याच वर्षी गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. वैद्यकीत नापास झालेल्याला राजकारण खुले असते, ही सोय तिकडेही आहे. बोकडांचे म्हणणे कुणी नोंदवले नाही.

मॉस्कोत डॉक्टर बोग्दानोव्ह यांना वाटले, की तरुण रक्त अंगात खेळवले की काम झाले. 1926 मध्ये त्यासाठी सरकारी संस्थाही निघाली आणि ते तिचे संचालक झाले. 1928 मध्ये त्यांनी एका आजारी विद्यार्थ्याशी रक्ताची अदलाबदल केली. विद्यार्थी बरा झाला. 54 वर्षांचे संचालक दगावले.

तरीही कल्पना मेली नाही. 2023 मध्ये अमेरिकेतले धनाढ्य उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनी आपल्या 17 वर्षांच्या मुलाचा रक्तद्रव टोचून घेतला. ययातीने पुरूचे तारुण्य हजार वर्षे वापरून मगच परत केले होते. जॉन्सन यांना तपासण्यांत काहीच फायदा दिसला नाही, म्हणून त्यांनी तो प्रयोग सोडला आणि त्यांच्या कंपनीने दीर्घायुष्यासाठी ऑलिव्ह तेल विकायला काढले.