टेबल मजबूत हवं

'भाऊ प्रेस घेणार' ही बातमी बंगळूरला आमच्या महादेवपुऱ्याच्या सोसायटीत पसरली, तेव्हा काहींना वाटलं, भाऊ नोकरी सोडून लग्नपत्रिका छापणार. आमच्या हिला वाटलं, कडक इस्त्रीचं काहीतरी येतंय; तिने सहा सुती साड्या बाजूला काढून ठेवल्या. निघाला तो काडतुसं पुन्हा भरण्याचा प्रेस. उडालेल्या काडतुसाचं पितळी नळकांडं टाकायचं नाही. साच्यात दाबून मापात आणायचं, मग नवी टोपी, दारू आणि वर गोळी बसवायची.

भाऊंकडे बंदूक नाही. परवानाही नाही.

काही माणसांना वस्तू नको असते, तिची निवड हवी असते. मागल्या वर्षी दुर्बीण होती. इथल्या आकाशात विमानं आणि क्रेनचे दिवे सोडून काही दिसत नाही, हे ध्यानात येईपर्यंत भाऊंनी आरशाचा व्यासही ठरवला होता.

मेट्रोत गरुडाचारपाळ्यापासून लोंबकळत त्यांनी मला शिकवलं, "नवशिक्याने सिंगल स्टेजच घ्यावा, बरं का! एका वेळी एक साचा, एक काम. चूक लगेच दिसते. टरेटमध्ये साचे फिरतात. प्रोग्रेसिव्हमध्ये दांडा ओढला की काडतूस बाहेर, पण हात बसला नसेल तर चुकाही त्याच वेगाने." मग कंपनी कुठली, आरसीबीएस की ली, यावर व्हाइटफील्ड आलं. मला उतरायचं होतं हूडीला. जाता जाता कळलं ते एवढंच, की आरसीबीएसमधला 'आरसी' म्हणजे रॉक चक, खारीच्या कुळातला एक गुबगुबीत अमेरिकन प्राणी. दारू ग्रेनमध्ये मोजतात, गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन बसतात. त्यासाठी काटा मात्र आला. वहिनी त्यावर केशर मोजतात.

भाऊंच्या ऑफिसात कोडगूचा एक मित्र आहे. कोडवांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. 2019 साली केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली. त्याच्या घरी बारा बोअरची बंदूक, कैलपोदला तिची पूजा. भाऊंनी विचारलं, "तुम्ही कुठला प्रेस वापरता?"

"दुकानातून काडतुसं आणतो," तो म्हणाला. भाऊंना त्याची कीव आली.

मी 1959 च्या शस्त्र कायद्याची आठवण करून दिली. काडतुसं बनवायलाही परवाना लागतो, म्हटलं. आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्य कार्यालय नागपूरला. भाऊंचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्याच माणसांकडे!"

तेवढ्यात 2024 च्या ऑगस्टमध्ये राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं. भाऊंना रस्ता सापडला: आधी नेमबाजी, मग प्रेस. रेंजवर गेले. तिथल्या प्रशिक्षकांनी शांतपणे सांगितलं, ही पॉइंट टू-टू रायफल. हिच्या काडतुसाला वेगळी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या काठात भरलेला असतो, पिन तो काठच चेपते. एकदा उडालं की भंगार. प्रेसचा इथे काय उपयोग?

भाऊ त्या रात्री नुसत्या ताक-भातावर झोपले.

पण हा अभ्यास सुरू झाला त्याच आठवड्यात त्यांना एक गोष्ट पटली होती: प्रेस कुठलाही घ्या, टेबल मजबूत हवं. दांडा दाबला की हलकं टेबल उचलतं आणि प्रत्येक काडतूस वेगळं उतरतं. म्हणून सुताराला घरी बोलावून, तीन इंच जाड फळीचं सागवानी टेबल त्यांनी जागेवरच करवून घेतलं होतं. आज त्यावर चार्जर आणि कडीपत्त्याची कुंडी आहे. वहिनींनी नारळाची खवणी लावून पाहिली. फळी इतकी जाड की खवणीचा स्क्रू काठाला बसेना.

टेबल द्यायचं आहे. कुणाला हवं असेल तर चार माणसं घेऊन या. लिफ्टमध्ये मावत नाही आणि भाऊ सातव्या मजल्यावर राहतात.