खोका तोच, मोटर नवी

660 मेगावॉटचे तीन संच ज्या गावाच्या डोक्यावर उभे आहेत, त्या कोराडीत 200 वॉटची एक मोटर बंद पडली की अख्खं घर सुतकात जातं. शेजारीही त्याच सुरात चौकशी करतात. ‘कधी गेली?’ ‘काल रात्री. बारापर्यंत चांगली होती हो. मग नुसती गुणगुणली अन् गेली.’ ‘कंपनीची होती?’ ‘कंपनीचीच.’ ‘राजेहो!’ मग चहा होतो आणि मिस्त्रीला फोन जातो.

गेली म्हणजे तिचं नेमकं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. कूलरची मोटर हे तसं साधं प्रकरण आहे. तारेचं वाइंडिंग, दोन बुश, एक दांडा आणि बाजूला बोटभर कंडेन्सर. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि पातं ढकललं की फिरायला लागत असेल, तर बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो. प्लग काढून पातं हाताने फिरवलं आणि जड लागलं, तर बुश सुकलेलं असतं. त्याला चार थेंब तेल हवं असतं. जळका वास आला तरच वाइंडिंगच्या नावाने रडावं. पण कंडेन्सर बदलण्यात प्रतिष्ठा नाही. ‘आम्ही यंदा कंडेन्सर टाकला’ असं कोणी जावयाला सांगतं का? मोटर टाकली म्हटलं की कसं काही तरी केल्यासारखं वाटतं.

मिस्त्रीही हे जाणून असतो. एप्रिल-मेमध्ये नागपूर जिल्ह्यात पालकमंत्री भेटेल, कूलरचा मिस्त्री भेटणार नाही. तिसऱ्या फोनला ‘निघालोच काकू’ म्हणतो, तेव्हा तो अंघोळीला निघालेला असतो. आला की खोक्याची एक बाजू काढतो, आत न बघता मान हलवतो आणि निकाल देतो. ‘मोटरच टाका. जुनीले कायले जपता?’ नवीवर ‘शंभर टक्के कॉपर’ असं छापलेलं असतं. आतली तार तांब्याची की रंग दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे ती जळाल्यावर कळतं. जुनी मोटर तो पिशवीत टाकतो. ‘काय करता तिचं?’ ‘काही नाही, भंगार हाय.’ हेच भंगार नवा कंडेन्सर लावून पुढच्या गल्लीत बसतं. ‘थोडीशी वापरलेली, पण अस्सल माल.’

आता कूलरची निंदा कोणी करू नये. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे यंत्र समजत नाही, कारण त्याला कोरडी हवा लागते आणि ती आमच्याकडे मुबलक आहे. बाहेर 45 अंश आणि हवेत 15 टक्के दमटपणा असला, तर ओल्या ताटीतून आलेला वारा 28-30 अंशांपर्यंत उतरू शकतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेऊन जाते, एवढीच काय ती जादू. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. आम्ही दार, खिडकी, झरोका सगळं बंद करतो आणि मग ‘चिकचिक होऊन राहिली’ म्हणून मोटर बदलतो.

कोराडीचं वीज केंद्रही हेच करतं. कूलिंग टॉवर म्हणजे दुसरं काय? गरम पाणी वरून सोडायचं, हवा खेळवायची, थोडं पाणी उडून जाऊ द्यायचं आणि बाकीचं थंड करून घ्यायचं. वर या सरकारी कूलरला नागपूरच्या मोऱ्यांमधून वाहून गेलेलं आणि भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी चालतं. आम्ही आमच्या कूलरमध्ये पेंचचं पिण्याचं पाणी ओततो. उधळपट्टी कोणाची, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणि मोटर बदलण्याच्या बाबतीत सरकारही शेवटी आपल्यातलंच. कोराडीत पहिला संच सुरू झाला 1974 साली. जुने संच थकले, म्हणून त्यांच्या बदल्यात 660 मेगावॉटचे आणखी दोन टाकायचं ठरलं. त्यासाठीची जनसुनावणी 29 मे 2023 ला झाली. म्हणजे भर नवतप्यात, ज्या दिवसांत शहाणा माणूस खिशात कांदा घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. लोक राखेबद्दल आणि धुराबद्दल बोलले. जुलै 2022 मध्ये याच केंद्राच्या खसाळ्यातल्या राख बंधाऱ्याचा बांध फुटून राखेचा गाळ शेताशिवारात पसरला होता, ते कोणी विसरलेलं नव्हतं. पण टाकी गळते ही तक्रार मोटरवाल्याच्या खात्यात येत नाही. तो मोटरपुरताच आलेला असतो.

हवामान खात्याचं तर काय सांगावं. 30 मे 2024 ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने नागपूरचं तापमान 56 अंश दाखवलं. आम्हाला थोडं बरंच वाटलं. 2013 चा 47.9 चा विक्रम किती वर्षं पुरवायचा! मग कळलं की सेन्सर बिघडला होता. बिघाड सापडला, आकडा खाली आला आणि घाम होता तिथेच राहिला. तरी एक कबूल करायला हवं. या सगळ्या हकिगतीत बिघडलेला भाग नेमका शोधणारं तेवढं हे एकच खातं निघालं.

आमच्याकडे शोधायचा भाग तर डोळ्यांसमोर लोंबत असतो. महावितरण दर उन्हाळ्यात कानीकपाळी ओरडतं: तीन पिनचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा, पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढा. दर उन्हाळ्यात विदर्भात कुठे ना कुठे कूलरचा शॉक लागून माणूस जातो, आणि त्याला मोटरसारखं नवं आणून बसवता येत नाही. पण तिसरी पिन बोर्डात शिरत नाही म्हणून आम्ही ती पक्कडीने मोडतो. ‘अर्थिंग हाय ना, दादा?’ काकू विचारतात. ‘चप्पल घालून हात लावत जा. काही होत नाही.’ झाली वायरिंग.

एकदाची मोटर बसते. बटण दाबतात. पातं भन्नाट फिरतं, आवाजही दमदार, फक्त वारा खोलीतून बाहेर चाललेला. गल्लीतलं कुत्रं येऊन ताटीसमोर ऐसपैस पसरतं. मिस्त्री दोन मिनिटं विचार करतो.

‘उलटी फिरून राहिली. दोन वायरी इकडच्या तिकडे झाल्या, काकू.’

‘मग करा ना सरळ.’

‘करतो ना. त्याचे वेगळे पन्नास पडतील.’