प्रयोग क्रमांक 1: तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकणे

उद्देश

तालुक्याच्या गावी, शेवटची एसटी न चुकवता, बीएस्सी फिजिक्स पास होणे. जमल्यास जाता जाता थोडं फिजिक्सही शिकणे. मात्र ही बाब ऐच्छिक असून तिला वेगळे गुण नाहीत.

साहित्य

जर्नल, लॉग टेबल, कॅल्क्युलेटर, ग्राफ पेपर, पेन्सिल आणि खोडरबर. नवशिके रीडिंग पेनाने लिहितात. पेनाने फक्त स्वतःचं नाव लिहावं, कारण तेवढंच नंतर बदलावं लागत नाही.

याशिवाय सीनियरचं गेल्या वर्षीचं सर्टिफाइड जर्नल. प्रयोगशाळेतलं सर्वांत अचूक उपकरण हेच. त्याला वीज लागत नाही, त्याची काच फुटत नाही आणि त्यातला ग्राफ सरळ रेषेतच येतो.

नातेवाइकांसाठी एक तयार उत्तर खिशात ठेवा. लग्नाच्या पंगतीत "इंजिनिअरिंगला नंबर नाही लागला का?" असं कोणीतरी विचारणारच. "जॅमची परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी करणार" असं सांगा. आयआयटी एवढंच त्यांच्या कानात शिरतं आणि जिलेबी पुढे सरकते.

मांडणी

फिजिक्सचा विभाग जिन्याखाली किंवा पॅसेजच्या टोकाला असतो. त्यात एक लॅब, एक काळ्या पडद्याची डार्करूम, दोन-तीन सर आणि लॅब सांभाळणारे एक मामा असतात. सर थिअरी शिकवतात. कोणत्या ॲमीटरचा काटा कुठे अडकतो आणि त्याला टिचकी नेमकी कुठे मारायची, हे मामांना विचारावं. टीवायला गेल्यावर वर्गात इतकी कमी मुलं उरतात की दांडी मारली तर सर हजेरी न घेता घरी फोन करतात.

पण या टंचाईत एक फायदा आहे. मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजात एका मायक्रोस्कोपवर चौघे असतात: एक बघतो, एक लिहितो, एक आकडेमोड करतो आणि चौथा घड्याळ बघतो. इथे मायक्रोस्कोप तुमच्या एकट्याचा. न्यूटनच्या रिंगा दिसल्या नाहीत तर तो दोषही तुमच्या एकट्याचा.

सूत्र

उत्तर आधी, रीडिंग नंतर.

हे सूत्र कोणत्याही पुस्तकात नाही, पण तिन्ही वर्षं उपयोगी पडतं. पुस्तकातलं उत्तर घ्यावं, सूत्रात उलटं घालून मधली रीडिंग काढावीत. शंका येऊ नये म्हणून शेवटचा अंक इकडेतिकडे हलवावा.

कृती

1. न्यूटन्स रिंग्जपासून सुरुवात करा. सोडियम लॅम्प लावला की आधी तो गुलाबी जळतो. मामांना हाक मारू नका. लॅम्पमधला निऑन आधी पेटतो, सोडियमची वाफ व्हायला काही मिनिटं लागतात. पिवळा झाला की बहुधा लाइट जाते. लाइट आल्यावर गुलाबीपासून पुन्हा सुरुवात. मधल्या वेळात जर्नलमधली आकृती काढून होते.

2. रिंगा दिसल्या तर मधला ठिपका बघा. तो काळा हवा. उजळ दिसला तर भिंग आणि काचेच्या मध्ये धूळ आहे, पुसा. काळा का, हे मात्र पाठ करून ठेवा, व्हायवाला विचारतात: काचेवरून परतणाऱ्या किरणाची फेज बदलते, म्हणून तिथे दोन्ही किरण एकमेकांना मारतात.

3. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवा. मागेपुढे केलात तर आट्यांमधली ढिलाई रीडिंगमध्ये शिरते. लीस्ट काउंट 0.001 सेंटिमीटर. झोपेतून उठवून विचारलं तरी हेच सांगायचं.

4. आता ग्रेटिंग घेऊन सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढा. उत्तर 5893 अँगस्ट्रॉम येईल. सीनियरचं तेच आलं होतं, त्याच्या सीनियरचंही तेच. गंमत अशी की सोडियमच्या प्रकाशात 5893 ची रेषाच नाही. तिथे दोन रेषा आहेत, 5890 आणि 5896. 5893 ही त्यांची सरासरी. नसलेली रेषा आपली मुलं दरवर्षी न चुकता मोजतात. दुसऱ्या ऑर्डरला दुर्बीण नेऊन, स्लिट बारीक करून, श्वास रोखून बघितलं तर पिवळी रेषा दुभंगलेली दिसू शकते. पण मग जर्नलमध्ये दोन उत्तरं लिहावी लागतात आणि तक्त्यात रकाना एकच असतो.

5. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, कॉलेजची गाडी निघाली तर खोडदला जाऊन या. नारायणगावजवळच्या त्या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. तिथल्या लोकांना गेल्या वर्षीचं जर्नल मिळत नाही. आकाशातून येईल ते रीडिंग त्यांना घ्यावं लागतं.

निरीक्षणे व आकडेमोड

आता लंबक. गुरुत्वत्वरण, म्हणजे g, काढायचा आहे, उत्तर 981 यायला हवं. दोरी एक मीटर, झोके 20, स्टॉपवॉच हातात. उत्तर 970 येतं, मग 990. खोडरबर घ्या.

किंवा थोडं थांबा. 980.665 हा प्रमाण आकडा 1901 साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवला, तो साधारण 45 अंश अक्षांशाला धरून. आपला महाराष्ट्र विषुववृत्ताच्या बराच जवळ. पृथ्वी फिरते आणि मध्यावर फुगलेली आहे, म्हणून इथे g कमी भरतो: 978 आणि 979 च्या दरम्यान. म्हणजे जर्नलमधला 981 हा आपल्या गावचा नव्हेच.

हा फरक लंबकाला कळतो का? एक मीटर दोरीला 981 आणि 978.4 यांच्यात एका झोक्यामागे सुमारे 0.0027 सेकंदाचा फरक पडतो. 20 झोक्यांत 0.05 सेकंद. स्टॉपवॉच दाबणारा अंगठा याहून जास्त चुकतो. मग 200 झोके मोजा. फरक अर्ध्या सेकंदावर जातो. लांबी लटकवल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा. तीन मिलिमीटर चुकले की g तीनने चुकतो. झोका लहान ठेवा. 10 अंशांचा घेतला तर g जवळजवळ चारने खाली येतो.

यात एक प्रॅक्टिकल जाईल. शहरातल्या मुलाच्या मागे बॅच उभी असते, त्याला 200 झोके मोजू देणार कोण? तुमच्या मागे कोणी नाही. मामा फार तर कुलूप हातात घेऊन दारात उभे राहतील.

निष्कर्ष

g = 978, दोन-तीनने कमी-जास्त. किती कमी-जास्त आणि कशामुळे, हे शेजारी लिहावं. ऐच्छिक बाब इथे पूर्ण होते.

दक्षता

1. असं उत्तर आल्यास ते पेनाने लिहावं.

2. एक्स्टर्नल परीक्षक पोहे संपवून चहाकडे वळले की मगच जर्नल पुढे करावं.

3. "981 का नाही?" असं त्यांनी विचारल्यास घाबरू नये. तीन वर्षांत परीक्षेत विचारलेला हा एकच प्रश्न असेल, ज्याचं उत्तर सीनियरच्या जर्नलमध्ये नाही.